कुंपण आणि उंबरठा

गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला एक माणूस आमच्या परसदारी आला होता. त्याला मी 'नाही' म्हटले. म्हटले ते अगदी गोड शब्दांत. वीस वर्षांची मास्तरकी काही फुकट गेलेली नाही. परंतु 'नाही' हा शब्द पाकात घोळवून दिला तरी 'नाही'च राहतो. त्या माणसाची हकिगत मी पुढे सांगणारच आहे. आधी मात्र दूरच्या एका परसातली गोष्ट सांगायला हवी. ती कानांवर आली नसती, तर माझ्या त्या 'नाही'कडे मी पुन्हा वळून पाहिले नसते; आणि ऐन सणाच्या दिवसांत आपल्यापुढे हा विषय घेऊन बसलोही नसतो.

माझा भाचा मंगोलियात नोकरीला आहे. तिकडे गोबीच्या वाळवंटात, सैनशंद गावाजवळ, तेल शुद्ध करण्याचा एक मोठा कारखाना उभारला जात आहे. २०१५ साली भारताने मंगोलियाला एक अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले, त्यातून हे काम निघाले. म्हणून आपल्याकडचे इंजिनियर तिकडे जातात. माझी आई पुष्कळ दिवस शेजारणींना 'नातू मंगळूरला असतो' असेच सांगत होती. हिवाळ्यात तिथला पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरतो हे कळल्यावर तिने मंगळूर सोडले, आणि देवापाशी त्याच्या नावाची एक वात जादा लावायला सुरुवात केली.

भाचा पत्रे लिहीत नाही. रविवारी फोन करतो आणि छायाचित्रे धाडतो. यंदा गणपतीच्या आधीच्या एका रविवारी तो म्हणाला, "मामा, मी काल एक घर बांधून आलो."

"किती दिवस लागले?"

"दोन तास."

पोर थट्टा करते आहे असे मला वाटले. आमच्या मागच्या पडवीची कौले बदलायला गवंड्याने दोन महिने घेतले होते, आणि अजून एका कोपऱ्यात गळते. पण थट्टा नव्हती. त्याच्याबरोबर काम करणारा एक मंगोल वेल्डर चार दिवसांची रजा काढून आगगाडीने राजधानीला, म्हणजे उलानबातरला निघाला होता. त्याची थोरली बहीण तिथे राहते. मधला भाऊ गुरेमेंढरे राखणारा. तो बायकापोरांसह, घर ट्रकवर घालून, बहिणीच्या परसात राहायला येत होता. "घर ट्रकवर घालून" हे शब्द मी आलंकारिक अर्थाने वापरलेले नाहीत. भाचाही हौसेने बरोबर गेला, आणि ते घर उभे करायला त्याने हात लावला.

त्या घराला मंगोल लोक 'गेर' म्हणतात. त्यांच्या भाषेत गेर म्हणजेच घर. आपल्या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो खरा, पण आपले घर 'गृह' शब्दावरून आलेले. तेव्हा हा नुसता उच्चाराचा योगायोग. इंग्रजी पुस्तकांतून याच घराला 'यर्ट' म्हणतात. तो मूळचा तुर्की कुळातला शब्द, आणि आजच्या तुर्की भाषेत 'युर्त' म्हणजे मायदेश. एका भाषेत जे नुसते घर, त्याचेच दुसऱ्या भाषेतले नाव देश. एवढ्यावरच माझ्यासारख्या मास्तराने एक तास घेतला असता. पण भाच्याने मला थांबू दिले नाही. तो घर बांधण्याच्या भरात होता.

प्रथम जमिनीवर लाकडी फळ्यांची गोल बैठक मांडली. मग दाराची चौकट उभी केली, तोंड दक्षिणेला. भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या. दुकानाचे सरकते जाळीदार दार मिटते नि उघडते, तशा त्या मिटतात आणि उघडतात. पट्ट्यांच्या सांध्यांत खिळा नाही, कातड्याच्या वादीची गाठ असते. अशा पाच जाळ्या गोल उभ्या करून एकमेकींना आणि चौकटीला बांधल्या. मग मधोमध दोन खांब, आणि खांबांवर चाकासारखे गोल लाकडी कडे. याला 'तोओनो' म्हणतात. घराचा तो डोळा. उजेड तिथून येतो, चुलीचे धुराडे तिथून बाहेर जाते. एकाने मधे उभे राहून ते कडे सावरून धरायचे आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी लांब काठ्या घ्यायच्या. काठीचे एक टोक कड्याच्या भोकात, दुसरे जाळीच्या माथ्याला. पाच जाळ्यांच्या घराला अशा ऐंशीच्या आसपास काठ्या लागतात. मग वरून नमदा पांघरायचा. आपली घोंगडी विणलेली असते. हा विणलेला नसतो. लोकर पसरून, भिजवून, गुंडाळून, लाटून लाटून तिचीच जाड चादर केलेली असते. त्यावर पांढरे कापड, आणि सर्वांभोवती दोर आवळायचे. झाले घर!

"मामा, हे पडत कसे नाही?" भाच्याने मला विचारले, आणि इंजिनियर असल्यामुळे उत्तरही स्वतःच दिले. छपराच्या काठ्या वर त्या कड्याला दाबून धरतात आणि खाली भिंतींना बाहेर ढकलतात. प्रत्येक काठीचा कल बाहेर निसटण्याकडे. ती निसटत नाही, कारण भिंतीभोवती दोर आवळलेला असतो. म्हणजे हे घर खांबांच्या जोरावर फारसे नाही. सगळे एकमेकांवर रेलले आहेत आणि एका दोराने सगळ्यांना धरले आहे, म्हणून ते उभे. वाऱ्याचे दिवस आले, की आणखी एक दोर उपयोगी पडतो. तो छताच्या कड्याला बांधून आतल्या बाजूला खोचून ठेवलेला असतो. वादळात तो खाली ओढून त्याला जड दगड बांधतात, नाहीतर घरातली माणसेच तो धरून बसतात. घर माणसांना सांभाळते हे आपण नेहमी ऐकतो. तिथे वादळाच्या रात्री माणसे घराला सांभाळतात.

हे ऐकून माझ्या बायकोला फार गंमत वाटली. ती म्हणाली, "आपल्या घरात तो दोर मीच धरून बसले आहे." यावर मी काही बोललो नाही. वस्तुस्थितीला उत्तर नसते.

मला मात्र राहून राहून दुसरीच एक गोष्ट आठवत राहिली. ती भाच्याने सहज बोलता बोलता सांगितली होती. ट्रक बहिणीच्या दाराशी आला तेव्हा फाटकातून आत जाईना. तिच्या जागेभोवती उंच उंच लाकडी फळ्यांचे सलग कुंपण. मग तिच्या नवऱ्याने पहार आणली, कुंपणाच्या चार फळ्या उपटल्या, ट्रक आत घेतला, आणि संध्याकाळी त्या फळ्या परत ठोकून टाकल्या. "इथे सगळीकडे असेच आहे," भाचा म्हणाला. "टेकड्यांवर मैलोगणती ही कुंपणे, आणि प्रत्येक कुंपणात एक-दोन गेर. इथे माणूस आधी कुंपण घालतो, मामा. घर मग मांडतो."

आधी कुंपण, मग घर. हे त्या लोकांच्या बाबतीत किती विलक्षण आहे, ते समजायला त्यांचे मूळचे जिणे थोडे समजून घ्यावे लागते. मंगोलियात माणसे ३५ लाखांच्या आसपास, आणि गाई, घोडे, उंट, मेंढ्या, बकऱ्या माणसांच्या पंधरापटींहून अधिक. गुराख्याचे कुटुंब ऋतूप्रमाणे कुरण बदलते, आणि अडीचशे किलोंच्या आसपास भरणारे आपले घर उंटांवर, आता ट्रकवर, घालून नेते. कुरणाला कुंपण नाही. त्या देशाच्या १९९२ च्या राज्यघटनेतही असे आहे, की कुरणाची जमीन कुणाच्या खासगी मालकीची होऊ शकत नाही. तिथे पाहुणा आला तर दार वाजवीत नाही, लांबूनच ओरडतो, "नोखोई खोर!" म्हणजे, "कुत्रा धरा!" कुत्रा नसला तरी असेच ओरडायचे. मग डोके लववून आत जायचे. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, तो ओलांडायचा. पाहुण्याची जागा डावीकडे, मानाची जागा दारासमोर, चुलीपलीकडे. यजमान मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे करतो. कोण, कुठला, ही विचारपूस मागाहून. घरची माणसे गुरांमागे गेली असली तर वाटसरूने आत जाऊन चहा करून प्यावा, विसावा घ्यावा आणि वाटेला लागावे, अशीही रीत आहे.

मग अशा माणसांच्या नशिबी कुंपण कुठून आले? त्याला एक कारण हवामान. तिथे 'झुद' नावाची आपत्ती येते. बर्फाचा असा कडक थर गवतावर बसतो, की जनावराला तोंडाने तो फोडता येत नाही. समोर गवत असून ते उपाशी मरते. २००९-१० च्या झुदात ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३-२४ च्या हिवाळ्यात ७० लाखांहून अधिक गेली. कळप गेला की गुराखी घराची घडी घालतो आणि राजधानीची वाट धरतो. दुसरे कारण पोरांची शाळा. तिसरे म्हणजे कायदा. २००३ सालापासून त्या देशात घरापुरती जमीन नागरिकांच्या मालकीची होऊ लागली. राजधानीत ७०० चौरस मीटरपर्यंत, आपल्या हिशेबाने जवळजवळ सात गुंठे. मालकी आली की हद्द आली, हद्द आली की फळ्या आल्या. आज राजधानीची जवळजवळ निम्मी वस्ती अशा कुंपणांच्या गल्ल्यांत राहते. तिथे नळ नाही, गटार नाही. ऐन थंडीत घरोघर कोळसा पेटला, की धुराने आभाळ दिसेनासे होई. म्हणून २०१९ साली कच्चा कोळसा जाळायला बंदी आली. आणि त्याच्याही आधी, २०१७ पासून २०२० पर्यंत, खेड्यातून येणाऱ्यांची शहरात नोंदच करायची नाही असा हुकूम होता. चारच वर्षांपूर्वी, २०१३ साली, गेर बांधण्याची कला नि त्याभोवतीच्या चालीरीती युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जमा केल्या होत्या! घर वारशात गेले, आणि घराचा मालक वेशीवर अडला.

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. वाटसरूसाठी घर उघडे टाकून जाणारी तीच माणसे, आणि सहा-सहा फूट फळ्या ठोकून आत कुत्रा बांधणारीही तीच. मग त्यांचे ते औदार्य कुणाचे होते? त्यांचे, की त्या मोकळ्या माळाचे? चांगुलपणा माणसात असतो, की तो राहतो त्या जागेत असतो? माळावर शेजारी चार कोसांवर. ते अंतर हेच तिथले कुंपण. दुसरे घालायचे कशाला? आणि उणे तीस अंशांच्या थंडीत दाराशी आलेल्याला घालवून देणे म्हणजे त्याला मारणे. आज तो माझ्या दारात आहे, उद्या मी त्याच्या दारात असेन. हे प्रत्येकाला ठाऊक. तेव्हा कुणी शंकेखोर म्हणेल, की ते औदार्य नव्हतेच. तो आपापल्या जिवाचा विमा होता.

असेल विमा. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. हप्ता कुणी भरला, भरपाई कुणाला मिळाली, याची वही न ठेवता जो विमा पिढ्यानुपिढ्या चालतो, त्याला आपण धर्म म्हणतो. गावच्या विहिरीवर पोहरा ठेवणारा, वाटेवर पाणपोई घालणारा माणूस याहून वेगळे काय करत होता? पण या उत्तराने माझे समाधान पुरते होईना. कारण विम्याच्या गोष्टीत दोघेही वाटसरू असतात. जिथे एक नेहमीच घरात आणि दुसरा नेहमीच दारात असतो, तिथे काय? जो मला कधीच आपल्या घरी उतरवून घेऊ शकणार नाही, त्याचे माझ्याकडे काय येणे निघते?

आणि इथे मला पाडव्याचा तो माणूस आठवला.

आमचे गाव कृष्णाकाठचे, उसाचे. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येऊन दाखल होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, ती फिटेपर्यंत चार-पाच महिने ऊस तोडायचा. राहायला कोप्या. बांबूच्या कांबी वाकवायच्या, त्यांवर तट्ट्या नाहीतर ताडपत्री, वर पाचट. तीही दोन तासांतच उभी राहते. तिला कुणी वारसा म्हटलेले मी अजून ऐकलेले नाही. टोळीची जागा ठरलेली असते ओढ्याकाठी, सखल, ओलसर, गावापासून लांब.

तो माणूस परसाच्या फाटकाबाहेर उभा होता. मागे बायको, आणि तिच्या पदराला धरून आठ-नऊ वर्षांची मुलगी. म्हणाला, "गुरुजी, चिंचेखाली कोपऱ्यात एक कोपी घालू का? तरास देणार न्हाई. पोरगी तुमच्या शाळंत जाईल म्हणतीया. वढ्यावरनं लई लांब पडतं."

आमच्या परसाच्या त्या कोपऱ्यात काहीही नाही. एक मोडका पाळणा, थोडे सरपण, आणि चिंचेचा पालापाचोळा. तरी मी 'नाही' म्हटले. कारणे होती; ती अगदीच खोटीही नव्हती. चुलीच्या ठिणगीची भीती होती. सांडपाण्याचा प्रश्न होता. शेजारी म्हणणार होते, एकाला जागा दिलीत, उद्या दहा येतील. आणि सगळ्यांत मोठी भीती, जी मी मोठ्याने बोललो नाही, ती जागेची : आज कोपी घालतील, उद्या हलणारच नाहीत, मग कोर्टकचेऱ्या कोण करणार? मी त्याला म्हटले, "अरे, जागेत माझ्या भावाचाही वाटा आहे, त्याला विचारावे लागेल." भाऊ पुण्याला. त्याला मी कधीच विचारले नाही. मग दिवाळीचा दिवस म्हणून आतून पुरचुंडी आणली, चिवडा आणि चार लाडू मुलीच्या हातात दिले. त्या माणसाने हात जोडले. ती तिघे ओढ्याकडे गेली आणि मी फाटकाला कुलूप घातले.

मुलगी शाळेत आली. रोज नाही, पण आली. मोठ्या भावंडाची असावी अशी लांब बाह्यांची कापडे, डोक्याला चपचपीत तेल, आणि अक्षर इतके देखणे, की वर्गातली पोरे तिच्या वहीभोवती जमत. डिसेंबरात एका रात्री अवकाळी पाऊस कोसळला. ओढ्याकाठच्या कोप्यांत गुडघाभर पाणी झाले. चार दिवसांनी ती आली तेव्हा तिची वही भिजून, वाळून, दुप्पट फुगली होती. शाई पसरून पाने निळी झाली होती. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि तपासून मागितली. मी तपासली. काय तपासले, ते मलाच ठाऊक. जानेवारीत ती यायची बंद झाली. बाप उसात, आई उसात. कोपीपाशी धाकट्या भावाला कोण पाहणार? हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजेरीची खूण करत गेलो, मार्च महिना उजाडेपर्यंत.

भाच्याची ती हकिगत ऐकली, त्या रात्री मला झोप लागली नाही. उलानबातरच्या त्या भावाचे सगळे बिऱ्हाड शहरात कशासाठी आले होते? तिथे एक सप्टेंबरला शाळा उघडतात, आणि त्याच्या मुलाला शाळेत घालायचे होते. कारण तेच. एका ठिकाणी कुंपणाच्या चार फळ्या निघाल्या. दुसऱ्या ठिकाणी कुलूप लागले, आणि ते लावणारा होता शाळामास्तर.

कुणी म्हणेल, ती तर सख्खी बहीण होती. परक्याची तुलना तिच्याशी कशाला? हा आक्षेप बरोबर आहे. पण मग मी माझ्या 'येण्या'च्या प्रश्नाकडे परत गेलो. हा माणूस माझा कुणी नाही खरा. पण पाडव्याच्या दिवशी त्याच्या मुलीच्या हातात मी जो लाडू ठेवला, त्यातली साखर कुठून आली होती? आपण सारे ज्या फराळाच्या ताटाशी बसून हा अंक चाळत असाल, त्या ताटातला गोडवा कुणातरी कोयत्याच्या पात्यावरून आलेला असतो. तेव्हा तो मला कधी घरी उतरवून घेणार नाही, हे खरे. परंतु माझ्या घरात तो मात्र वर्षानुवर्षे येऊन गेला आहे, डब्यात, बरणीत, ताटात. विम्याचा हप्ता त्याने केव्हाच भरलेला आहे. भरपाईची वेळ आली तेव्हा मी भावाचे नाव पुढे केले.

कुंपण वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहिणीनेही ट्रक आत घेतल्यावर फळ्या परत ठोकल्याच. शहरात राहायचे म्हणजे हद्द लागते; हद्दीशिवाय घराला घरपण नाही. गेरलाही उंबरठा असतो, आणि त्याचा मान असा की त्यावर पाय पडू द्यायचा नाही. आपल्याकडेही उंबरठ्याला हळदकुंकू वाहतात, त्यावर बसू देत नाहीत. उंबरठासुद्धा आत आणि बाहेर वेगळे करतोच. पण तो वेगळे करतो ते कुणीतरी ओलांडून यावे म्हणून. ज्या कुंपणाच्या चार फळ्या वेळेला निघतात, त्याच्या अंगी थोडा उंबरठा आला असे मी समजतो. आणि ज्या घराचे एकही दार कधी परक्यासाठी उघडत नाही, त्याचा उंबरठा कितीही पुजलेला असो, ते चहूबाजूंनी कुंपणच.

चांगुलपणा माणसाचा की जागेचा, या माझ्या प्रश्नाचेही थोडेबहुत उत्तर मला त्या घराच्या माथ्यावरच्या कड्यात सापडले. गेरचा नमदा दर काही वर्षांनी बदलावा लागतो. पट्ट्या मोडतात, दोर कुजतात, काठ्या नव्या घालतात. मंगोलांचे शेजारी कझाक. त्यांच्यात घराच्या माथ्यावरचे हे कडे पिढ्यानुपिढ्या जपतात. बापाचे घर धाकट्या मुलाकडे जाते आणि कडेही त्याच घराबरोबर. १९९२ साली कझाकस्तानने आपल्या राजचिन्हाच्या मधोमध हेच कडे घेतले. बाकी सारे बदलले तरी ते कडे आहे तोवर घर तेच. मोकळ्या माळाने त्या लोकांना एक रीत शिकवली हे निर्विवाद. पण माळ ट्रकवर घालून शहरात आणता येत नाही. रीत आणता येते. ती आणायची की मागे टाकायची, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. जागा शिकवते तोवर चांगुलपणा सोपा असतो. जागा शिकवायची थांबली की तो माणसाचा स्वतःचा होतो, किंवा संपतो.

हे सगळे मी घरात बोलून दाखवले. आई माळ ओढत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लाडू दिलेस ते बरे केलेस. पण त्याने लाडू मागितला नव्हता."

यंदा नवरात्र संपल्यावर मी भावाला पुण्याला फोन केला. त्याला वाटले, मी वाटणीचा विषय काढतो आहे, नाही हे कळल्यावर तो म्हणाला, "दादा, यात मला काय विचारायचे?" वर्षभर ज्याच्या आड मी लपलो होतो, ते एवढेच निघाले. गावातल्या वकिलांनाही विचारून आलो. ते हसले. परवानगीने चार महिने राहिलेल्या माणसाला मालकी मिळत नसते, हे त्यांनी मला चहा पाजून समजावले. बायकोने मात्र खरे प्रश्न विचारले. पाणी कुठून? बोअरची तोटी आहे. बाईमाणसाने जायचे कुठे? परसातला जुना संडास बंद पडला आहे. तो दुरुस्त करून घेतला. गवंड्याने या खेपेला दोनच आठवडे घेतले.

मग मी मास्तरच्या सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन नियमांची यादी केली. आठ नियम झाले. बायकोने यादी वाचली आणि दोन ठेवून बाकीचे खोडले. रात्री चूल विझवून झोपावे, आणि पोरीला रोज शाळेत धाडावे, एवढे राहिले. यादीच्या अगदी वर, पहिल्याच ओळीत, मी लिहिले होते : 'किती दिवस राहणार, ते आधी सांगावे.' ती ओळ तिने खोडली नव्हती. नुसते बोट ठेवले होते.

तेव्हा मला भाच्याचे एक बोलणे आठवले. गेर उभे राहिले, चूल पेटली, सगळे चहा घेऊन बसले, तेव्हा त्याने सहज त्या वेल्डरला म्हटले होते, "तुझ्या बहिणीला विचार ना, ही मंडळी इथे किती दिवस राहणार?" वेल्डर दोन्हीकडची भाषा जाणणारा; सगळे काही इकडून तिकडे तोच सांगत होता. पण हा प्रश्न त्याने सांगितला नाही. "तो मी विचारणार नाही," म्हणाला, आणि चहा प्याला.

ती ओळ मी स्वतः खोडली.

चिंचेखालचा कोपरा आता झाडून ठेवला आहे. मोडका पाळणा आणि सरपण पडवीत हलवले. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा बॉयलर पेटलेला असेल, टोळ्या येऊ लागलेल्या असतील. तेच कुटुंब येईल की मुकादम त्यांना दुसऱ्या कारखान्यावर नेईल, हे मला माहीत नाही. मुकादमाला विचारले, त्यालाही सांगता येईना. कदाचित दुसरेच कुणी येईल. ती मुलगी आता दहा वर्षांची झाली असेल. फाटकाच्या बिजागरीला तेल घातले आहे. ती वर्षभराने गंजली होती, अजून कुरकुरते. कुलूप काढून मी ते टेबलाच्या खणात टाकले आहे, शाळेच्या जुन्या हजेरीपटावर.